हात घालून बघा

नेकीनं धंदा केला की बरकत येते, असं सगळेच सांगतात. सांगणाऱ्यांत धंदा करणारे किती आणि नुसते सांगणारे किती, हे मात्र कुणी बघत नाही. दस्तगीर नदाफनंही कधी बघितलं नव्हतं. कल्याणच्या मोहल्ल्यात दीड खोलीत राहणारा हा पिंजारी. बापामागे त्याच्या वाट्याला कापूस पिंजायची धनुकली आली, एक धाकटा भाऊ आला आणि एक गोष्ट आली. धनुकली शेवटपर्यंत कामाला आली. बाकीच्या दोघांनी मिळून त्याचं जे करायचं ते केलं.

गोष्ट तशी सगळ्याच मुसलमान घरांत सांगतात. पैगंबर साहेब बाजारातून चालले होते. वाटेत धान्याचा ढीग दिसला, वरून अगदी कोरडा. त्यांनी ढिगात हात घातला तर बोटं ओली झाली. दुकानदार म्हणाला, पावसानं भिजलं. ते म्हणाले, मग ओलं धान्य वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो आमच्यातला नव्हे. लोक ही गोष्ट ऐकतात, मान डोलावतात आणि जाऊन आपापलं दुकान उघडतात. दस्तगीरचा बाप मिरासाहेब अडाणी होता, मिरजेकडून पोट भरायला आलेला, म्हणून असेल, पण त्यानं ती गोष्ट उचलून थेट गादीत घातली. गादी भरून, टाके घालून झाली की पायाकडचा एक कोपरा तो वीतभर उघडा ठेवायचा. मग गिऱ्हाइकाला बोलवायचा आणि म्हणायचा, हात घालून बघा. गिऱ्हाइकानं कोपरापर्यंत हात घालायचा, पार मधला कापूस चिमटीत धरून बाहेर काढायचा, उजेडात बघायचा. मगच त्याच्या डोळ्यांदेखत दाभणानं शेवटचे टाके पडायचे.

बापानंतर दस्तगीरनं ही रीत चालवली. डोंबिवलीच्या बिल्डिंगींमधून त्याला नावानं कुणी ओळखत नसे. खालून धनुकलीचा टणत्कार आला की वरच्या गॅलरीतून एखादी बाई शेजारणीला सांगायची, "अगं, हात घालून बघा आलेत, तुला उशा करायच्या होत्या ना?" पोरं पाठीमागून तेच ओरडत चिडवायची. दस्तगीर चिडत नसे. उलट त्याला बरंच वाटायचं. माणसाला टोपणनाव त्याच्या खोडीवरून पडतं. आपल्याला ते इमानावरून पडलं, असं तो जैतुनला, म्हणजे बायकोला, दर दोन-चार दिवसांनी सांगायचा. जैतुन म्हणायची, "बरं. आता जेवा."

कष्टाचं म्हणाल तर त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पहाटेची फजरची नमाज झाली की धनुकली खांद्यावर. एक दिवस डोंबिवली, एक दिवस शहाड, आठवड्यातून एकदा एसटीनं ठाण्याला, तिथं कोपरी आणि वर्तकनगर. अल्लाह रोजी देतो हे त्याला मान्य होतं, पण ती घरपोच देत नाही हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हे बापाचं दुसरं आवडतं वाक्य. दस्तगीर जन्मभर उंट बांधतच राहिला. दोरी कुणी सोडून नेली तर काय करायचं, हे बापानं सांगितलं नव्हतं.

धाकटा भाऊ शौकत दहा वर्षांनी लहान. त्याला पिंजायचा कंटाळा. नाकातोंडात कापूस जातो म्हणायचा. पण जीभ अशी गोड की, उन्हाळ्यात रजई विकून येईल. मोठी कामं तोच आणायचा. पंच्याऐंशी सालच्या लग्नसराईत त्यानं डोंबिवलीतल्या एका मंगल कार्यालयाचं काम आणलं. कार्यालयाचे मालक शिवरामशेठ, जुन्या गावातले, जमिनीला भाव आल्यावर शेठ झालेले. वऱ्हाडाला झोपायला चाळीस गाद्या हव्या होत्या. दस्तगीरच्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं काम.

अठ्ठावीस गाद्या झाल्या आणि दस्तगीरला काविळीनं गाठलं. डोळे पिवळे, पायात बळ नाही. उरलेल्या बारा शौकतनं पुऱ्या केल्या. पोहोचवूनही आला. खाटेवर पडल्या पडल्या दस्तगीरनं एकच विचारलं, "कोपरे उघडे ठेवलेलेस ना?"

"ठेवलेले. मॅनेजरनं हात घालून बघितलं, खूश झाला," शौकत म्हणाला. इतकं सहज म्हणाला की दस्तगीरला आजारपणातही झोप लागली.

महिन्यानं अंगात ताकद आली तेव्हा दस्तगीर लोड-तक्क्यांची मापं घ्यायला कार्यालयात गेला. गाद्या भिंतीला रचून ठेवल्या होत्या. मॅनेजर यायला वेळ होता, म्हणून तो एका गादीवर टेकला. शहाण्याला शब्दाचा इशारा पुरतो, पिंजाऱ्याला बुडाचा. तो बसल्याबरोबर उठला. दाभण खिशात होतंच. त्यानं एका कडेचे चार टाके उसवले आणि हात घातला. वर बोटभर चांगला कापूस, आणि आत करडी, तेलाचा वास मारणारी, गिरणीच्या जमिनीवरून झाडून काढलेली रद्दी. दुसरी उसवली, तिच्यातही तेच. बाराच्या बारा तशाच निघाल्या. त्यानं सगळ्या पुन्हा शिवल्या आणि मापं न घेताच घरी आला.

शौकत नाही म्हणाला नाही. तो ताटावर बसला होता, घास घेत घेत म्हणाला, "मग काय करणार होतो? कापूस कमी पडला. तू खाटेवर. वऱ्हाडी एक रात्र झोपतात, तीही पत्ते खेळत. कोण बघतंय?"

"हात घालून बघितलं म्हणालास."

"तुला ऐकायचं होतं ते सांगितलं, भाई. आजारी माणसाला आणखी काय सांगायचं?"

दस्तगीरनं त्याला एक थोबाडीत दिली. पंचविशीतल्या भावावर हात टाकायची ती पहिली आणि शेवटची वेळ. मग त्यानं जैतुनला सांगितलं की उद्या जाऊन शिवरामशेठना सगळं सांगणार. जैतुन शहाणी बाई. ती म्हणाली, "बारा गाद्या भरून द्या ना गुपचूप. म्हणावं, कापूस बसला, पुन्हा पिंजून देतो. त्यांची गादी चांगली, तुमचं इमान चांगलं. सांगायची काय गरज? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

दस्तगीर म्हणाला, "मालात खोट असली की सांगायची. नुसती दुरुस्त करायची नाही, सांगायची. बाबा काय सांगायचे?"

"बाबा धान्याचं सांगायचे. त्यातल्या दुकानदाराचं पुढं काय झालं, ते त्यांनी सांगितलं का?"

 दस्तगीर दुसऱ्या दिवशी गेलाच.

शिवरामशेठ झोपाळ्यावर बसले होते. दस्तगीरनं उभ्या उभ्या सांगितलं: बारा गाद्यांत रद्दी आहे, माल माझा, चूक माझी, बाराही नव्या कापसानं फुकट भरून देतो. शौकतचं नाव त्यानं घेतलं नाही. दुकान एक, नाव एक, मग खोटही एकाचीच, असा त्याचा हिशेब. शिवरामशेठ आधी हसले. मग झोपाळा थांबला.

"आरं दस्तगीर, मना तर काय कललंच नव्हतं. तू कशाला सांगतंस?"

"सांगायला पाहिजे, शेठ."

"चोर आपल्या पायानं येऊन बारा चोऱ्या सांगतो, तवा तेरावी मोठी असतं," शिवरामशेठ म्हणाले आणि त्यांनी मॅनेजरला हाक मारली. "चालीसच्या चालीस उसव."

चाळीसही गाद्या कार्यालयाच्या अंगणात उसवल्या. अठ्ठावीस चांगल्या निघाल्या. पण अंगणाबाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं? गाद्यांची फाटलेली पोटं, मधोमध रद्दीचा करडा ढीग आणि त्या ढिगापाशी मान खाली घालून उभा असलेला पिंजारी. चांगला कापूस चांगला आहे हे कुणी बघायला थांबत नाही. आठ दिवसांत सगळ्या डोंबिवलीत झालं, हात घालून बघावाल्यानं गाद्यांत कचरा भरला. ज्या बायकांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडून गाद्या करून घेतल्या, स्वतः हात घालून बघितल्या, त्यांनीही कडा उसवून पुन्हा बघितल्या. एकीच्याही गादीत काही निघालं नाही. तरी एकीनंही परत बोलावलं नाही. कोण जाणे, दुसरीच्या निघालं असेल.

त्यानं बारा गाद्या भरून दिल्या. शिवरामशेठनी त्या ठेवून घेतल्या आणि लोड-तक्के दुसऱ्याकडून केले.

पुढची अकरा वर्षं सांगण्यासारखी नाहीत, पण दस्तगीरनं ती एक एक करून काढली. फजर झाली की धनुकली खांद्यावर, हे चुकलं नाही. डोंबिवलीत खालून टणत्कार केला की वरच्या खिडक्या लागायच्या. तो तरी जायचा. हट्ट म्हणा, सबर म्हणा. जैतुन हट्ट म्हणायची. ज्यानं खोट सांगितली त्याच्याकडूनच लोकांनी माल घ्यायला हवा, हे एवढं सरळ गणित एक ना एक दिवस लोकांना सुटेल, असं त्याला वाटायचं. लोकांना ते सुटलं नाही. कोपरीची ठमाबाई कोळीण तेवढी दर दोन वर्षांनी त्याला बोलवायची. मासळीच्या टोपलीवर बसून ती तो पिंजत असताना बघायची आणि म्हणायची, "तुझी गादी लय ब्येस रं. पन तू त्या शेठला बोललासच कशाला?" बोलावणाऱ्यांनीही हेच विचारावं, याचं त्याला नवल वाटायचं. तो हसून कापसाकडे बघायचा.

शौकत सहा महिन्यांतच वेगळा झाला. त्यानं शहाडच्या रस्त्याला फोमच्या गाद्यांचं दुकान टाकलं. फोमला पिंजायला नको, भरायला नको, हात घालायला तर जागाच नाही. नव्या वसाहती उठत होत्या, पलंग आले, पलंगावर फोम आला. दुकान दुमजली झालं. पाटीवर झगझगीत अक्षरात आलं, नदाफ बेडिंग, आणि खाली, इमानदारी हीच आमची परंपरा. त्र्याण्णवला शौकत हज करून आला, हाजीसाब झाला. दाढी त्याला शोभायचीही. ईदला दोघं भाऊ गळ्यात गळा घालायचे, शौकत वहिनीला साडी पाठवायचा. जैतुन ती पेटीत ठेवायची, नेसायची नाही.

शहाण्णव साली जमातीनं स्टेशनापाशी मुसाफिरखाना बांधला. बाहेरगावचे लोक, इस्पितळातल्या रोग्यांचे नातेवाईक, त्यांना उतरायला. त्यात पन्नास गाद्या हव्या होत्या आणि कापसाच्याच हव्या होत्या, कारण ट्रस्टी मुकादमसाहेब वीस वर्षं कुवेतला फोमवर झोपून पाठदुखी घेऊन आले होते. ते मोहल्ल्यात नवे. कोण कुणाचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. दस्तगीरनं मशिदीच्या कारकुनाकडून अर्ज लिहवून घेतला. त्याखाली अंगठा नाही, सही केली; सही तो बापाकडून नाही, हट्टानं शिकला होता. शुक्रवारी, जुम्म्यानंतर ठरवू, असा निरोप आला.

आठवडाभर तो वेगळाच होता. पन्नास गाद्यांचं काम म्हणजे चार महिन्यांची भाकरी होती, पण त्याला भाकरीपेक्षा दुसरंच हवं होतं. आपल्या जमातीनं, आपल्या मशिदीनं सगळ्यांदेखत काम दिलं की अकरा वर्षांचा डाग एका दिवसात धुतला जाणार होता. डोंबिवली गेली उडत. जिथून ती गोष्ट आली, तिथंच तिचा निकाल लागला तर बरं. नाव परत पाहिजे होतं त्याला. जैतुनला तो बोलला नाही, पण तिला कळलं. गुरुवारी तिनं त्याची टोपी धुऊन वाळत घातली.

जुम्म्याला मशीद भरली होती. मौलाना नवीन आले होते, उत्तरेकडचे, आवाज असा की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यालाही जाग यावी. नमाजेआधीच्या बयानाचा विषय निघाला तिजारतीचा, व्यापाराचा. सच्चा व्यापारी कयामतीच्या दिवशी पैगंबरांच्या आणि शहिदांच्या सोबतीला असेल, असं त्यांनी सांगितलं. दस्तगीर चौथ्या रांगेत बसून ऐकत होता. मग मौलाना म्हणाले, लांबच्या गोष्टी कशाला, आपल्याच मोहल्ल्यातली सांगतो. एक पिंजारी होता. त्यानं गाद्या करून विकल्या. नंतर त्याला कळलं की काहींमध्ये खोट आहे. गिऱ्हाइकाला पत्ता नव्हता. कुणीही गप्प बसलं असतं. पण हा अल्लाहचा बंदा गिऱ्हाइकाच्या दारात गेला आणि म्हणाला, माझ्या मालात खोट आहे, मला भरून देऊ द्या.

मशिदीत सुब्हानल्लाहची लाट उठली. दस्तगीरचे कान तापले. डोळे भरून आले, अश्रू त्यानं टिपले नाहीत, गुडघ्यावर पडू दिले. अकरा वर्षं. त्याला वाटलं, अल्लाह, तूच आहेस, तूच आहेस, तू ऐकत होतास.

"आणि अल्लाहनं त्याला काय दिलं?" मौलानांनी विचारलं. "शहाडच्या रस्त्यावर जाऊन बघा. दोन मजली दुकान. हज नशिबात दिली. तो बंदा आज या मशिदीत बसला आहे, पण त्याला शरमिंदा करायला नको, म्हणून मी नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच उरली नव्हती. सगळ्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. शौकतनं मान खाली घातली. नाकारायचं असेल तर माणूस मान वर करतो. खाली घातली की ते कबुलीसारखंच दिसतं, आणि वरून विनयासारखंही. मोहल्ल्यातली जुनी चार-सहा माणसं होती, ज्यांना खरं माहीत होतं. त्यांनी दस्तगीरकडे बघितलं नाही. ती समोर मिहराबाच्या कमानीकडे बघत राहिली, जणू मिहराब आज पहिल्यांदा दिसत होता.

दस्तगीरनं जमिनीवर हात टेकला आणि तो उठला. सांगायचं, मी आहे तो. तेवढ्यात बयान संपलं आणि सुन्नत नमाज पढायला सगळी मशीदच उठली. पाचशे माणसांत एक माणूस उठलेला कुणाला दिसतो? सगळे नमाजेला लागले, त्यालाही हात बांधावे लागले. मग खुतब्याची, म्हणजे अरबी प्रवचनाची, अजान झाली. खुतबा चालू असताना तोंडातून शब्द काढायचा नाही. शेजारच्याला गप्प बस म्हणणंसुद्धा चुकीचं. दस्तगीर गप्प बसला. अरबी खुतबा त्याला कधीच कळत नसे. आज त्याला मराठीतलाही कळला नसता.

नमाज झाल्यावर बोलायला मोकळीक होती. शौकतला लोक गळामिठी मारत होते. मुकादमसाहेब पुढं आले, त्याचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, "हाजीसाब, मी उगाच इकडं तिकडं चौकशा करत होतो. मुसाफिरखान्याचं काम तुमचं." शौकत म्हणाला, "अल्लाहची मर्जी." दस्तगीर तीन माणसांच्या अंतरावर उभा होता. तोंड उघडायचा अवकाश. आणि त्याला ते उघडता येईना.

कारण एवढ्या वेळात, खुतबा चालू असताना, त्याच्या मनात एक प्रश्न शिरला होता आणि तो निघत नव्हता. तू ते अल्लाहसाठी केलंस ना? मग लोकांना कळो न कळो, तुझं काय जातं? आणि लोकांना कळायलाच हवं असेल, तर ते अल्लाहसाठी नव्हतंच. स्वतःच्या तोंडानं सांगितलेली नेकी दिखावा होते, आणि दिखाव्याला वर काही मिळत नाही, हे बापानंच शिकवलं होतं. बोललास तर केलेलं सगळं फुकट. नाही बोललास तर नाव फुकट. दस्तगीरला आठवलं, शिवरामशेठकडे जायच्या दिवशी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. चुकीची कबुली द्यायला जाणारा माणूस इस्त्रीचा सदरा कशाला घालतो? शेठ उठून म्हणतील, दस्तगीर, तुझ्यासारखा माणूस बघितला नाही, असं त्याला वाटेत चालताना दोनदा वाटलं होतं. म्हणजे तेव्हाच हेतूत रद्दी होती. वरून बोटभर अल्लाह, आत हे. अकरा वर्षं ज्या एका गोष्टीच्या जोरावर त्यानं काढली, तीही आतून करडी निघाली, की निघाल्यासारखी वाटली, ते त्याला सांगता येईना. तो चपला शोधायला गेला.

शनिवारी सकाळी शौकत घरी आला, मिठाई घेऊन. बसला. मग बोलायला लागला.

"मी मौलानांना काही सांगितलं नाही, भाई. दुकानात गिऱ्हाइकाला सांगतो कधीमधी, आमच्या घराण्याची रीत अशी आहे, आमच्याकडे असं झालेलं. त्यांनी कुठूनतरी ऐकलं. आता भर मशिदीत उठून मौलाना, तुमचं चुकलं, असं सांगायचं? इमामाची बेइज्जती?"

"घराण्याची रीत," दस्तगीर म्हणाला.

"एका बापाचेच ना आपण?" शौकत जरा पुढं सरकला. "हे बघ, कापसाचं काम माझ्या एकाही पोऱ्याला येत नाही. त्यांना फोम कापता येतो. तू ये. कापूस मी उत्तम देतो, हात घालून बघ हवं तर. रोजी देतो. नाव दुकानाचं राहील, एवढंच."

जैतुन मोरीपाशी भांडी घासत होती. ती मागं न वळता म्हणाली, "या घरातून तुम्ही नावाशिवाय नेलंत काय, शौकत? मिठाई तेवढी परत न्या."

शौकतचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर दस्तगीरला त्याला हाकलता आलं असतं. त्याला खरोखर वाटत होतं की तो भावाला काम देतो आहे, आणि तो खरोखर देतच होता. आषाढ तोंडावर होता, चार महिने कुणी गादी करत नाही, घरात दाणा बेताचाच होता.

"येतो," दस्तगीर म्हणाला. जैतुननं हातातलं पातेलं खाली आपटलं. तो तिला म्हणाला, "गादीवर मुसाफिर झोपणार. त्याला नाव घेऊन काय करायचंय?" हे त्यानं तिला पटावं म्हणून सांगितलं. ते तिलाही पटलं नाही आणि त्यालाही नाही.

सोमवारी तो मुसाफिरखान्यात गेला. हॉल रिकामा, फरशी नवी, खिडकीपाशी कापसाची पोती. कापूस खरंच उत्तम होता. शौकतनं त्यात काही केलं नव्हतं. दस्तगीरनं धनुकली लावली, दोन-चार टणत्कार केले, कापूस फुलायला लागला. दहाच्या सुमाराला मुकादमसाहेब बघायला आले. पाठीवर हात ठेवून हळूहळू हॉलभर फिरले, मग त्याच्यापाशी थांबले.

"दस्तगीर नदाफ तुम्हीच ना? तुमचा अर्ज आला होता माझ्याकडे."

"जी."

"राग मानू नका, मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे. मी डोंबिवलीत चौकशी केली. तिकडं एका कार्यालयात तुम्ही गाद्यांत कचरा भरलेला, म्हणाले. लोक अजून विसरले नाहीत." त्यांनी आवाज खाली आणला, कारण ते सज्जन होते आणि कामगाराला चारचौघांत लाजवणं त्यांना आवडत नसे, जरी तिथं चौघं नव्हतेच. "हे ठाऊक असूनही हाजीसाबांनी तुम्हाला कामावर घेतलं. असं मोठं मन कुणाचं असतं? तेव्हा एवढं सांभाळा. त्यांच्या नावाला बट्टा लागेल असं काही करू नका."

दस्तगीरनं त्यांच्याकडे बघितलं. गोष्ट एकच होती. तिचा वाईट अर्धा त्याच्या नावावर चढला होता आणि चांगला अर्धा शौकतच्या, आणि आता कयामतीपर्यंत त्यात बदल होणार नव्हता. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"जी," तो म्हणाला.

मुकादमसाहेब गेले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा दस्तगीरला वाटलं की आपण काम वाईट करावं. रद्दी घालायला नको, नुसत्या गाठी तशाच सोडायच्या. सहा महिन्यांत गादीत गोळे होतील, मुसाफिराच्या पाठीत रुततील, जमात शौकतच्या दारात जाईल. मग घाला म्हणावं मान खाली. कुणाला कळणार होतं? कापूस उत्तम, धनुकली जुनी, हात थकलेले. त्यानं एक मोठी गाठ बघितली आणि ती तशीच सोडून तो पुढं गेला. चार ठोके मारले. पाचवा मारला. मग मागं वळून त्यानं ती गाठ उचलली, बोटांनी सोडवली आणि पुन्हा पिंजली, अगदी धुक्यासारखी मऊ होईपर्यंत. अल्लाहसाठी पिंजली की नुसती हाताच्या सवयीनं, हे त्याला ठरवता येईना. पूर्वी असलं काही ठरवावं लागत नसे. त्याला स्वतःच्या हातांचा फार राग आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि हात आपले चालतच राहिले.

संध्याकाळपर्यंत तीन गाद्या झाल्या. तिन्ही चांगल्या झाल्या.